लोकांनी वेड्यात काढलेला दरवाजा आणि वाचलेलं गिरण्यांचं शहर : इंजिनिअर जेम्स फ्रान्सिस यांची गोष्ट

पोरगं आयटीआयला असो नाहीतर डिप्लोमाला, पाण्यावरच्या यंत्रांचा धडा आला की फ्रान्सिस टर्बाइन हे नाव येतंच. आपल्या कोयनेच्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटची चार यंत्रं बसवली आहेत, ती याच जातीची. भंडारदऱ्याजवळ घाटघरला खालचं पाणी पुन्हा वर चढवून वीज करतात, तिथलं यंत्रही याच घराण्यातलं. जगातल्या मोठमोठ्या धरणांवर आज हेच टर्बाइन फिरतं. पण हे फ्रान्सिस कोण, कुठले, त्यांनी काय केलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचं पूर्ण नाव जेम्स बिचेनो फ्रान्सिस. जन्म इंग्लंडचा, सगळी हयात गेली अमेरिकेत, आणि तीही एकाच गावात. लोवेल हे ते गाव. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर कापडाच्या गिरण्या चालवून हे गाव बघता बघता शहर झालं. त्या शहराचं पाणी पन्नास वर्षं सांभाळणारा हा माणूस. कॉलेजची पदवी नव्हती. पण पाणी मोजायचं कसं, वाटायचं कसं आणि अंगावर आलं तर अडवायचं कसं, या तिन्ही गोष्टी त्यांनी करून दाखवल्या.

चौदाव्या वर्षी कामाला

जेम्सचा जन्म १८ मे १८१५ चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या साउथ ली गावचा. वडील रेल्वे आणि बंदराच्या बांधकामावर होते. पोराची शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली वेल्समध्ये बंदराच्या कामावर लागला. मोजपट्टी धरणं, नकाशा काढणं, दगड, माती, चुना यांचा हिशेब ठेवणं, असं सगळं कामावरच शिकला.

१८३३ मध्ये, वय पुरतं अठरा नसताना, तो जहाजाने एकटा अमेरिकेत आला. तिथे तेव्हा रेल्वेची कामं जोरात होती. जॉर्ज वॉशिंग्टन व्हिस्लर नावाच्या नामांकित इंजिनिअरच्या हाताखाली त्याला काम मिळालं. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, व्हिस्लर लोवेलला नोकरीवर गेले आणि जातान्ना या पोराला बरोबर घेऊन गेले. लोवेलला पोचलेला जेम्स पुन्हा कधी दुसरीकडे राहायला गेला नाही.

शेतजमिनीवर उभं राहिलेलं शहर

लोवेल म्हणजे काय होतं ते आधी समजून घ्यायला हवं.

मेरिमॅक नदी न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातून येते. मॅसॅच्युसेट्स राज्यात शिरल्यावर पॉटकेट धबधब्याशी ती थोड्याच अंतरात सुमारे ३२ फूट खाली उतरते. या जागी वळसा घालून लाकडाचे तराफे आणि नावा नेता याव्यात म्हणून १७९६ मध्ये एक कालवा खणला होता. बाकी सगळी शेती. चार घरं इकडे, चार तिकडे.

बोस्टनच्या पैसेवाल्या व्यापाऱ्यांची नजर या उतारावर पडली. त्यांच्यातलाच एक, फ्रान्सिस कॅबट लोवेल, इंग्लंडमधल्या गिरण्या डोळ्यांनी बघून आला होता आणि वॉल्टम गावात त्याने एकाच छपराखाली सूतकताई आणि विणाई सुरू केली होती. (आपल्या गोष्टीतल्या फ्रान्सिस यांचा त्याच्याशी नात्याचा संबंध नाही, नावाचा तेवढा घोळ आहे.) तो १८१७ मध्ये वारला. पण वॉल्टमची नदी लहान होती, पाणी पुरेना. म्हणून त्याच्या सोबत्यांनी १८२१ मध्ये पॉटकेटचा जुना कालवा आणि आसपासची शेतं विकत घेतली. शेतकऱ्यांना इथे काय होणार आहे याचा पत्ता नव्हता, त्यामुळे जमीन शेतीच्याच भावात गेली. हे ऐकून आपल्याकडच्या कुणालाही नवल वाटणार नाही.

१८२३ मध्ये पहिल्या गिरणीचं चाक फिरलं. १८२६ मध्ये गावाला मेलेल्या लोवेलचं नाव मिळालं. १८३६ मध्ये त्याला शहराचा दर्जा आला, तेव्हा वस्ती सतरा हजारांच्या वर गेली होती. १८५० ला ती तेहतीस हजारांवर पोचली. एका माणसाच्या उमेदीत शेतांचं शहर झालं.

कालवे खणायला आयर्लंडहून आलेले मजूर होते. गिरणीत माग चालवायला आसपासच्या शेतकऱ्यांच्या लेकी आल्या. पंधरा ते तीस वर्षांच्या या मुली कंपनीच्या खानावळीत राहायच्या, घंटेवर उठायच्या आणि दिवसाला बारा, तेरा तास उभ्या असायच्या. घरचं कर्ज फेडायला, भावाच्या शिक्षणाला त्या पैसे पाठवायच्या. जेम्स ज्या १८३४ साली लोवेलला आला, त्याच वर्षी पगार कापला म्हणून या मुलींनी काम बंद पाडलं होतं. १८३६ मध्ये पुन्हा पाडलं.

बाविसाव्या वर्षी मुख्य इंजिनिअर

लोवेलमध्ये पाण्याची मालकी एका वेगळ्या कंपनीकडे होती. तिचं नाव लॉक्स अँड कॅनल्स. कालवे तिचे, बंधारा तिचा, दरवाजे तिचे. गिरण्यांनी तिच्याकडून पाणी भाड्याने घ्यायचं. यंत्रं बनवायचा मोठा कारखानाही तिच्याकडेच होता. इंग्लंडहून आलेलं रेल्वेचं इंजिन खोलून त्याच्या एकेका भागाचं चित्र काढायचं काम जेम्सवर आलं. त्याने ते चोख केलं आणि त्या चित्रांवरून लोवेलच्या कारखान्यात इंजिनं तयार झाली.

१८३७ मध्ये व्हिस्लर दुसऱ्या कामाला निघून गेले आणि कंपनीने त्यांच्या जागी बावीस वर्षांच्या फ्रान्सिस यांना मुख्य इंजिनिअर केलं. त्याच वर्षी लोवेलच्याच सारा ब्राउनेल यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १८४५ मध्ये कंपनीची फेरमांडणी झाली, गिरण्याच तिच्या मालक झाल्या आणि फ्रान्सिस यांच्याकडे इंजिनिअर आणि कारभारी अशी दोन्ही कामं आली. आता पाण्याचा शेवटचा शब्द त्यांचा होता.

आणि नेमका तेव्हाच पाण्याचा ताण सुरू झाला होता. गिरण्या वाढल्या, एकाच कालव्यावर सगळ्यांचा भार आला. उन्हाळ्यात नदी आटली की शेपटाकडच्या गिरण्यांची चाकं मंदावायची. वरच्या गिरणीने जास्त पाणी घेतलं की खालच्या गिरणीला कमी. ज्यांच्या चारीवर पाळीवरून भांडणं होतात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

फ्रान्सिस यांनी पहिलं मोठं काम केलं ते नव्या कालव्याचं. १८४६ ते १८४८ या काळात त्यांनी नॉर्दर्न कालवा बांधला. रुंदी सुमारे १०० फूट. बराच भाग नदीच्या अगदी कडेने जातो, तिथे नदी आणि कालवा यांच्या मध्ये घडीव दगडाची भक्कम भिंत उभी केली. ती भिंत आजही जागेवर आहे. या कालव्याने गिरण्यांना जास्त पाणी मिळालंच, शिवाय ते पूर्ण उंचीने मिळालं. जुन्या कालव्यात पाणी जोरात ओढलं जायचं आणि त्यातच त्याची उंची वाया जायची.

पाण्याचं माप : एक मिलपॉवर

लोवेलला पाणी विकायचं एक माप ठरलेलं होतं. त्याला मिलपॉवर म्हणत. वॉल्टमच्या एका गिरणीत ३,५८४ चात्या होत्या, तेवढ्या चात्या आणि त्यांच्या जोडीचे माग चालवायला जेवढं पाणी लागतं तेवढी एक मिलपॉवर. आकड्यात सांगायचं तर ३० फुटांवरून पडणारं २५ क्युसेक पाणी. गिरणी वरच्या टप्प्यावर असेल आणि पाणी १३ फूटच पडत असेल, तर त्याच शक्तीसाठी ६०.५ क्युसेक. म्हणजे नुसतं पाणी किती ते बघून चालत नाही, ते किती उंचीवरून पडतं हेही धरायचं.

कागदावर हे सोपं होतं. पण एखाद्या गिरणीत खरंच २५ क्युसेक जातंय की ३५, हे सांगणार कोण? मालक म्हणणार आमचं बरोबर आहे. शेजारचा म्हणणार हा चोरतोय. नुसत्या अंदाजावर वाद मिटत नाही.

फ्रान्सिस यांनी अंदाज बाजूला ठेवला. कालव्याच्या एका बंदिस्त भागात त्यांनी प्रयोगाची जागा तयार केली. आडवी सरळ धारेची फळी लावायची, तिच्यावरून पाणी सोडायचं, फळीवर पाण्याची उंची किती आहे ते बारीक काट्याने मोजायचं आणि तेवढ्या वेळात खालच्या मोठ्या हौदात किती पाणी जमलं ते बघायचं. असं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या उंचीला. आपल्याकडे याला सांडवा म्हणा किंवा नॉच म्हणा.

त्यातून त्यांनी जो हिशेब काढला तो आजही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात त्यांच्या नावाने आहे. फळीवरून एक फूट उंचीचं पाणी वाहत असेल, तर फळीच्या दर फूट लांबीला सेकंदाला ३.३३ घनफूट पाणी जातं. दहा फूट लांबीला साधारण ३३ क्युसेक. पण खरी गोम पुढे आहे. पाण्याची उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, ते पावणेतीन पटींच्याही वर जातं. कारण उंची वाढली की धार जाड होते आणि वेगही वाढतो. चारीच्या तोंडाशी पाणी चार बोटं वर दिसलं तर प्रत्यक्षात किती जादा गेलं याचा डोळ्यांनी घेतलेला अंदाज म्हणूनच चुकतो. दोन्ही कडांना धार आत ओढली जाते, तर त्यासाठी लांबीतून किती वजा करायचं तेही त्यांनी ठरवून दिलं.

हे सगळं त्यांनी १८५५ मध्ये ‘लोवेल हायड्रॉलिक एक्स्परिमेंट्स’ या पुस्तकात छापलं. स्वतःच्या कंपनीपुरतं दडवून ठेवलं नाही. पुढे जगभरच्या कालव्यांवर हे सूत्र वापरलं गेलं.

लोवेलमध्ये त्याचा परिणाम लगेच दिसला. प्रत्येक गिरणीचं पाणी मोजलं जाऊ लागलं. ठरल्यापेक्षा जास्त घेतलं तर जादा पैसे. पाणी कमी असेल त्या दिवसांत कुणी किती घ्यायचं तेही आकड्यावर. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी द्यायचं ठरलं, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. माप दोन्ही बाजूंना मान्य असलं की भांडणाची धार कमी होते.

चाक बदललं

मापाच्या जोडीला दुसरं काम चालू होतं, ते चाकाचं. सुरुवातीला गिरण्यांमध्ये मोठाली लाकडी पाणचक्क्यांची चाकं होती. त्यांच्यात पाण्याच्या शक्तीचा बराच भाग वाया जायचा. शिवाय पावसाळी पूर आला आणि खालचं पाणी तुंबलं की चाक बुडून अडायचं. थंडीत बर्फ धरायचं.

युराया बॉयडन नावाच्या इंजिनिअरने १८४४ मध्ये लोवेलच्या एका गिरणीत लोखंडी टर्बाइन बसवलं. त्यात पाणी मधून येऊन बाहेर फेकलं जायचं. यंत्र फार चांगलं होतं, पण करायला महाग आणि किचकट. फ्रान्सिस यांनी उलटा रस्ता धरला. पाणी बाहेरच्या घेरातून आत घ्यायचं आणि मधून खाली सोडायचं. ही कल्पना सॅम्युएल हाउड यांनी आधी मांडली होती, त्यांचं पेटंटही होतं. फ्रान्सिस यांनी तिला नीट घडवलं. पात्यांचा बाक किती, फट किती, वेग किती, हे हिशेबाने ठरवलं. १८४९ मध्ये बूट गिरणीत असं टर्बाइन बसलं. त्याची चाचणी घेतली तेव्हा पाण्याच्या शंभर भाग शक्तीतली सुमारे ऐंशी भाग कामाला आली.

आकड्याने बघितलं तर बॉयडनचं यंत्र याच्या पुढे होतं. पण फ्रान्सिस यांचा रस्ता साधा होता आणि त्यात सुधारणेला वाव होता. नंतरच्या लोकांनी त्यात पुष्कळ बदल केले. आज धरणाच्या पोटात जे फिरतं ते हुबेहूब १८४९ चं यंत्र नाही. तरी बाहेरून आत येणाऱ्या पाण्याची पद्धत तीच, म्हणून नावही तेच राहिलं.

जुना पूर शोधला, दरवाजा टांगला

आता त्या दरवाजाची गोष्ट.

नॉर्दर्न कालव्याच्या कामात असताना फ्रान्सिस यांनी नदीच्या जुन्या पुरांची माहिती काढायला सुरुवात केली. त्यात त्यांना १७८५ च्या पुराचा पत्ता लागला. त्या वेळी तिथे शहर नव्हतं, त्यामुळे त्या पुराचं फारसं कुणाला काही वाटलं नव्हतं. पण पाणी किती चढलं होतं ते समजल्यावर त्यांनी हिशेब मांडला. तेवढंच पाणी आज आलं तर काय होईल?

धोका नदीच्या पात्रात नव्हता, तो जुन्या कालव्याच्या तोंडाशी होता. हा कालवा धबधब्याच्या वरून निघतो आणि शहराच्या मधून जातो. तोंडाशी जे दरवाजे होते ते नेहमीच्या पाण्याला पुरेसे होते. मोठ्या पुरात नदी त्यांच्यावरून आली असती आणि कालव्याच्या वाटेने सरळ गिरण्यांवर, खानावळींवर, घरांवर कोसळली असती. नदीने नवा रस्ताच धरला असता म्हणा ना.

म्हणून त्यांनी तोंडाशी एक जबर दरवाजा बांधायचं ठरवलं. जाड पाइन लाकडाचा, सुमारे २७ फूट रुंद आणि २५ फूट उंच. तो रोज उघडायचा, मिटायचा नव्हताच. वर घर बांधून त्यात तो लोखंडी पट्ट्याने टांगून ठेवायचा. वेळ आली तर पट्टा तोडायचा, दरवाजा आपल्या वजनाने खाली. १८५० मध्ये तो टांगून झाला.

लोकांनी चेष्टा केली. एवढा खर्च, एवढं लाकूड, आणि काम काय तर नुसतं लटकायचं. दरवाजाला नावच पडलं, फ्रान्सिसचा वेडेपणा. पासष्ट वर्षांत न आलेल्या पुरासाठी कुणी एवढा खर्च करतं का, असा सगळा सूर.

दोनच वर्षं गेली. एप्रिल १८५२ मध्ये डोंगरातला बर्फ वितळत असतानाच जोराचा पाऊस झाला आणि मेरिमॅक चढायला लागली. पाणी बंधाऱ्यावरून वर, आणखी वर. २२ एप्रिलच्या पहाटे, साडेतीनच्या सुमाराला, निर्णय झाला. दरवाजाघरात माणसाने छिन्नी, हातोड्याने लोखंडी पट्ट्यावर घाव घातले. पट्टा तुटला आणि तो सगळा भार खाली जाऊन बसला.

नदी बाहेर राहिली, शहर वाचलं. सखल भागात पाणी शिरलं, नुकसान झालं, पण कालव्याच्या वाटेने येणारा मोठा लोंढा थांबला. चेष्टा करणाऱ्या गावानेच मग फ्रान्सिस यांचा सत्कार केला, चांदीची भेट दिली.

असंच त्यांचं आगीच्या बाबतीत होतं. कापसाची गिरणी म्हणजे कोरडं गवतच. त्यांनी टेकडीवर पाण्याचा मोठा हौद बांधून तिथून सगळ्या गिरण्यांना आगीसाठी नळ टाकून घेतले. छताखाली भोकं पाडलेले पाइप बसवले. आग लागली की पाणी सोडायचं.

नाण्याची दुसरी बाजू

फ्रान्सिस यांचं मोठेपण सांगताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही.

उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून लोवेल आणि खालच्या लॉरेन्स शहराच्या गिरण्यांनी मिळून वरच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मोठ्या तलावांची धरणं ताब्यात घेतली. पावसाचं पाणी तिथे साठवायचं आणि गिरण्यांना लागेल तेव्हा सोडायचं. वरच्या शेतकऱ्यांची कुरणं, गवताची रानं पाण्याखाली जायची. आपल्या रानात पाणी तुंबतं आणि पैसा खालच्या शहराला, ही त्यांची तक्रार. १८५९ मध्ये तिथला जमाव धरण फोडायला चालून गेला. धरण टिकलं, राग मात्र मिटला नाही. नदीवर बंधारे झाले तसे समुद्रातून वर येणारे सामन मासेही बंद झाले आणि मासेमारीवर जगणारे बसले.

गिरणीतल्या मुलींचंही तेच. टर्बाइनने ताकद वाढली, यंत्रांचा वेग वाढला, एकेका मुलीकडे जास्त माग आले. कामाचे तास मात्र लांबच राहिले. सारा बॅगली या गिरणीतल्याच बाईने १८४५ मध्ये दहा तासांच्या दिवसासाठी सह्या गोळा केल्या, सरकारपुढे साक्ष दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांसाठी दहा तासांचा कायदा व्हायला १८७४ साल उजाडलं. फ्रान्सिस कंपनीचे कारभारी होते. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या कचेरीत या मुलींच्या दमण्याचा हिशेब नव्हता.

आणि कापूस? तो यायचा दक्षिणेतून, गुलामांच्या हातून वेचलेला. १८६१ मध्ये त्याच गुलामीवरून अमेरिकेत यादवी पेटली, कापूस थांबला. लोवेलच्या बऱ्याच गिरण्यांनी साठ्यातला कापूस चढ्या भावात विकून टाकला, दारं बंद केली आणि हजारो कामगार घरी बसले. इंग्लंडच्या गिरण्याही तेव्हा कापसासाठी हिंदुस्थानाकडे वळल्या. आपल्या वऱ्हाडात, खानदेशात कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये लढाई संपली आणि भाव धाडकन खाली आले. ज्यांनी त्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलं होतं ते अडकले. मेरिमॅक आणि तापी, पूर्णा यांच्यामध्ये सात समुद्र असले तरी कापसाची गाठ अशी एकमेकांत गुंतलेली होती.

शेवटची वर्षं

फ्रान्सिस यांचं नाव आता देशभर झालं होतं. बंधारा बांधायचा असो की कालवा, लोक सल्ल्याला यायचे. १८८० मध्ये अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांना अध्यक्ष केलं. पन्नास वर्षं काम करून ते लोवेलच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि जागा मुलाने घेतली.

म्हातारपणी एक अवघड काम त्यांच्याकडे आलं. ३१ मे १८८९ ला पेन्सिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्कचं मातीचं धरण फुटलं आणि खालचं जॉन्सटाउन गाव धुऊन गेलं. दोन हजारांहून जास्त माणसं मेली. धरण श्रीमंतांच्या एका क्लबचं होतं. त्यांनी धरणाची उंची उतरवली होती आणि पाणी काढायचे जुने पाइप पुन्हा बसवलेच नव्हते. इंजिनिअरांच्या संस्थेने चौकशीला चार जण नेमले, त्यात फ्रान्सिस होते. अहवाल काही महिन्यांत तयार झाला, पण १८९१ पर्यंत लोकांसमोर आला नाही. धरणात हे बदल केले नसते तरी एवढ्या पावसात ते फुटलंच असतं, असं त्यात म्हटलं होतं. अहवाल दाबून ठेवला आणि क्लबला सांभाळून घेतलं, अशी टीका त्यावर पुढे झाली, ती आजही होते. ज्यांनी पुराच्या आधी दरवाजा टांगला त्यांच्याच आयुष्याच्या शेवटी हे प्रकरण यावं, हेही खरंच.

१८ सप्टेंबर १८९२ ला लोवेलमध्येच फ्रान्सिस वारले. वय सत्याहत्तर.

तोवर नदीचं पाणी गिरण्यांना पुरेनासं झालं होतं, कोळशाची वाफेची इंजिनं आली होती. पुढे गिरण्या दक्षिणेकडे गेल्या आणि लोवेलला उतरती कळा लागली. १९७८ मध्ये सरकारने तिथले कालवे आणि गिरण्या राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायला घेतल्या. बूट गिरणीत आता संग्रहालय आहे.

दरवाजा मात्र फ्रान्सिस गेल्यावरही कामाला आला. मार्च १९३६ मध्ये मेरिमॅकला पुन्हा मोठा पूर आला. बांधून ८६ वर्षं झालेला तो लाकडी दरवाजा पुन्हा खाली सोडला आणि कालव्याची वाट बंद झाली. बांधणाऱ्याला जाऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्याला वेडा म्हणणाऱ्यांपैकी तर कुणीच उरलं नव्हतं.

आपल्याकडे मे महिन्यात बंधाऱ्याचे दरवाजे, सांडवा, नाल्याची तोंडं बघायला कुणी गेलं तर लोक हसतात. आभाळात ढग नसताना याला काय सुचलंय म्हणतात. बघायचं ते मात्र तेव्हाच असतं.